कार्ट्रिज नाकारली, पण स्कॅन का बंद केला?

देवगडच्या ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. थोडक्यात प्रकार असा की तुमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान, मागच्या वर्षी ऑल-इन-वन प्रिंटर घेतला, बाहेरची कम्पॅटिबल (म्हणजे दुसऱ्या कंपनीची, पण याच प्रिंटरला बसणारी) शाईची कार्ट्रिज वर्षभर मस्त चालली, आणि यंदा जूनमध्ये, दाखल्यांची ऐन गर्दी असताना, रात्री प्रिंटरने आपोआप अपडेट घेतला आणि सकाळी स्क्रीनवर 'नॉन-जेन्युइन कार्ट्रिज', म्हणजे ही आमच्या कंपनीची नाही. प्रिंट नाही, झेरॉक्स नाही, स्कॅनपण नाही. वर डीलर म्हणतो, दुकानासाठी घेतलाय म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही, आणि डुप्लिकेट शाई घातली म्हणजे वॉरंटी गेली.

आधी ग्राहकाचं बघू, कारण बरेच जण हे ऐकूनच गप्प बसतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(७). व्यापारासाठी घेतलेली वस्तू वगळलीय खरी, पण त्याच कलमाखाली स्पष्टीकरण आहे की फक्त स्वतः राबून पोट भरायला घेतलेली वस्तू व्यापारात धरायची नाही. सुप्रीम कोर्टाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात हे समजावताना दुसऱ्यांचं टायपिंग करून देणाऱ्याच्या टाइपरायटरचं उदाहरण दिलंय, तुमचा प्रिंटर त्याचाच नातू म्हणा. मदतीला एक-दोन माणसं असली तरी चालतं असंही त्यात आहे, तेव्हा भाचा दुकानात बसतो याची काळजी नको. फक्त बिल दुकानाच्या नावावर असेल तर दुकान तुमचंच आहे याचा कागद सोबत जोडा.

आता तो 'डुप्लिकेट' शब्द. आपल्याकडे रिफिल, कम्पॅटिबल, नकली सगळ्याला सरसकट डुप्लिकेट म्हणतात, तुम्हीपण मेलमध्ये तीनदा लिहिलंय! तक्रारीत हा शब्द अजिबात नको. दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेली कार्ट्रिज वेगळी आणि प्रिंटर कंपनीचा लोगो छापलेली नकली वेगळी, त्यामुळे तुमच्या कार्ट्रिजवर कुणाचं नाव आहे ते आधी बघा आणि तिचं बिल शोधा. शाईने प्रिंटरचं हेड (शाई कागदावर सोडणारा भाग) खराब झालं असतं तर वॉरंटी नाकारायला त्यांना जागा होती, पण इथे बिघाड शाईने झालेलाच नाही, सॉफ्टवेअरने कुलूप घातलंय.

माझ्या मते तुमची केस दोन तुकड्यांत आहे. शाईचा तुकडा वादाचा, तो बॉक्सवर काय छापलंय त्यावर ठरेल. 'फक्त कंपनीच्या चिपवाली कार्ट्रिज चालेल, अपडेटने बाकीच्या बंद होऊ शकतात' असं स्पष्ट लिहिलं असेल तर कंपनी तेच पुढे करणार. नसेल तर अनुचित व्यापारी प्रथा म्हणून भांडता येतं. इटलीत डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने एचपी या प्रिंटर कंपनीला १ कोटी युरो दंड लावला, त्यातला एक मुद्दा हाच होता की ग्राहकाला ही बंधनं नीट सांगितली नाहीत. आपल्याकडे तो निर्णय बंधनकारक नाही, पण दाखवायला बरा. स्कॅनचा तुकडा मात्र भक्कम, स्कॅनला शाईचा थेंब लागत नाही, मग ते कशासाठी बंद? तक्रारीत हाच मुद्दा आधी घ्या. आणि 'करारातली अट अन्यायकारक' असं लिहू नका, अन्यायकारक कराराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे चालत नाही, त्यासाठी राज्य आयोगाकडे जावं लागतं.

शेजारचा मुलगा जुनं सॉफ्टवेअर टाकून देतो म्हणतोय, त्याला थोडं थांबवा. आधी मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा: मॉडेल नंबर, स्क्रीनवरचा मेसेज, सॉफ्टवेअरचं व्हर्जन, स्कॅनचं बटण दाबल्यावर काय होतं ते. परत पाठवलेल्या गिऱ्हाइकांची वहीपण ठेवा, नुकसान नुसतं तोंडी सांगून मिळत नाही.

कस्टमर केअरला फोनवर गाऱ्हाणं घालून काही होणार नाही, ईमेल करा, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून नंबर घ्या, मग पंधरा दिवसांची नोटीस. नाहीच ऐकलं तर आपला जिल्हा आयोग, कंपनीचं ऑफिस कुठेही असो, तुम्ही राहता तिथे दाखल करता येतं. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं, आणि वकील लागतोच असं नाही (हे मी वकील असून सांगतोय, बघा).

बॉक्स माळ्यावर असेल तर आजच उतरवून चारही बाजूंचे फोटो काढा, या पावसात पुठ्ठ्याला बुरशी धरली की ती बारीक अक्षरं कुणालाच वाचता येणार नाहीत.