फोर हायमधून लिव्हर निघेना

प्रश्न : माझी फोर-व्हील बोलेरो कॅम्पर शेतावर असते. मागचे दोन टायर गोटा झाले म्हणून नवे घातले, २३५/७५ आर १५. पुढे जुनेच २१५/७५ आर १५ आहेत. चिखलात गाडी छान चढते, पण डांबरीवर आल्यावर लिव्हर फोर हायमधून (म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या जागेवरून) निघत नाही आणि वळताना स्टिअरिंग जड लागतं. मिस्त्री म्हणतात, ट्रान्सफर केस उघडावी लागेल. उघडू का?
– एक शेतकरी, ता. पाटण

उत्तर : थांबा, पाना लावू देऊ नका. आधी टायर मोजा.

तुमच्या मागच्या टायरची उंची, कागदावर, साधारण ७३४ मिलीमीटर आणि पुढच्याची ७०४. तीन सेंटीमीटर म्हणजे बोटाच्या पेराहून थोडा जास्त फरक, म्हणून कुणाच्या डोळ्यांत येत नाही. पण एक किलोमीटर जायला मागचं चाक सुमारे ४३४ फेरे घेतं आणि पुढच्याला घ्यावे लागतात ४५२. टू हायमध्ये, म्हणजे ताकद फक्त मागच्या चाकांना असताना, पुढची चाकं मोकळी असतात, ती आपल्या हिशेबानं फिरतात. फोर हाय टाकलं की ट्रान्सफर केस पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधते, आणि या गाडीला मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन्हीकडं वेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर, नाही. मग हे अठरा फेरे जायचे कुठं? चिखलात टायर सरकून ते फेडतो. डांबर सरकू देत नाही, त्यामुळे सगळा पीळ शाफ्ट, क्रॉस (शाफ्टचे सांधे) आणि गिअरच्या दातांवर साठत जातो. त्या पिळानंच तुमचा लिव्हर धरून ठेवलाय.

माझ्या उमेदवारीत अशाच एका जीपच्या लिव्हरला मी पाइप घालून ओढलं होतं. लिव्हर वाकला, सुटला नाही. उस्तादांनी काही न बोलता पुढचं एक चाक जॅकवर उचललं. टायर जमिनीवरून सुटताच चाक गर्रकन फिरलं आणि लिव्हर दोन बोटांनी आला. तुम्ही आधी सपाट जागी, स्टिअरिंग सरळ ठेवून, दहा-पंधरा फूट रिव्हर्स जाऊन बघा. बहुतेक तेवढ्यानं निघेल. जॅक लावायची वेळ आली तर मागच्या चाकांना दगड लावा आणि उचललेल्या चाकापासून हात लांब ठेवा.

पुढं काय? चारही टायर एका मापाचे, एका छापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. नुसता आकडा जुळून भागत नाही. नक्षी पाच मिलीमीटर झिजली की टायरचा घेर ३१ मिलीमीटरनी घटतो. मी गॅरेजमध्ये चारही चाकांत हवा सारखी करतो, टायरवर आणि फरशीवर खडूची खूण करतो, गाडी एक फेरा ढकलतो आणि टेप लावतो. पुढच्या-मागच्यात दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर त्या गाडीला फोर हाय टाकू देत नाही.

आत्ता पैसे नसतील तर गाडी टू हायमध्येच चालवा. जोड्या मोडू नका मात्र! मागं एका बाजूला मोठा, एका बाजूला लहान घातलात तर सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल सतत काम करत राहील, आणि ते काम महाग पडतं.

स्टेपनी कोणत्या मापाची आहे, ते पत्रात नाही. ती आजच बघून ठेवा.