कमरेला रिव्हॉल्व्हर आणि गोव्याची सहल

प्रश्न : वकीलबाई, कोल्हापूरजवळ माझा गुळाचा व्यापार आहे. 2018 मध्ये वसुलीची रक्कम घेऊन येताना रस्त्यात अडवून मारहाण झाली. त्यानंतर रीतसर अर्ज करून पॉइंट 32 बोअरच्या रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळवला. तेव्हापासून ते कमरेला असतंच. 25 डिसेंबरला घरचे सहा जण आमच्या गाडीने निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा या रस्त्याने चार दिवस गोव्याला चाललोय, 29 ला परत येऊ. घराला कुलूप असणार. बायको म्हणते, ते सोबत नको. मित्र म्हणतात, परवाना खिशात आहे तर भितोस कशाला, शर्टाखाली कुणाला दिसतंय? टेक्सासचा मेहुणा सांगतो की त्यांच्याकडे परमिट दाखवलं की विषय संपतो. परवान्याचा फोटो पाठवतोय. नेऊ की नको?

उत्तर : नका नेऊ. आता तुमच्या मित्रांच्या गळी उतरेल अशा बेताने कारण सांगते.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत परवान्याचं अख्खं पान दिसतंय, फक्त एका रकान्यावर तुमचा अंगठा आलाय. मला नेमका तोच रकाना बघायचा होता, म्हणून दुसरा फोटो मागवला. जांभळ्या शाईचा शिक्का जरा फिसकटलाय, पण वाचता येतो : 'महाराष्ट्र राज्यापुरता'. इतकी वर्षं तुम्ही हा परवाना बाळगताय आणि हे दोन शब्द तुमच्या लक्षात नव्हते, याचं मला नवल वाटलं नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ परवानाधारकांना स्वतःच्या परवान्याची हद्द सांगता येत नाही. बोअर मात्र झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतात.

गाडीचं लायसन्स कोल्हापूरच्या आरटीओने दिलं तरी ते देशभर चालतं. शस्त्राच्या परवान्याचं तसं नसतं. कुणाला, कोणतं हत्यार, किती काडतुसं, कधीपर्यंत आणि कुठल्या हद्दीत, हे सगळं त्यावर लिहिलेलं असतं आणि या सगळ्याचा मिळून एक परवाना होतो. कुणाचा जिल्ह्यापुरता असतो, कुणाचा राज्यापुरता, थोड्यांचा अखिल भारतीय. हद्दीबाहेर पाऊल टाकलंत की खिशातला कागद तोच राहतो, पण त्याचा आधार सुटतो.

आणि तुमच्या बाबतीत ती हद्द गोव्याच्या वेशीवरच्या पत्रादेवीला सुटत नाही, त्याच्या खूप आधी सुटते. तुम्ही निपाणीवरून उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा असं जाणार असं लिहिलंय. कोल्हापूरकर त्याच रस्त्याने जातात. पण कागल मागे पडलं, कोगनोळीचा टोलनाका आला की तुम्ही कर्नाटकात असता. निपाणी आपल्याला घरच्यासारखी वाटते, बोलणं मराठी, बाजारात ओळखी, तरी शस्त्र कायद्याच्या दृष्टीने ती बेळगाव जिल्ह्यातच आहे. म्हणजे गोव्याचा समुद्र दिसायच्या आत तुमच्या परवान्याची हद्द एकदा मोडलेली असेल, तीही तुम्ही सकाळचा पहिला चहा घेण्याआधी.

पकडलं तर काय होतं? शस्त्र अधिनियम 1959 मधली दोन कलमं तुमच्या कामाची. कलम 30 परवान्याच्या अटी मोडण्यासाठी आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जामीनपात्र आहे. दुसरं कलम 25(1ब)(अ), विनापरवाना शस्त्र किंवा दारूगोळा बाळगण्याचं. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यात कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं शिक्षा आहे, शिवाय दंड, आणि ते अजामीनपात्र आहे. नाक्यावर गुन्हा दाखल करताना बहुतेकदा हे दुसरं कलम लागतं, कारण पोलिसांच्या लेखी त्यांच्या राज्यात तुमच्याकडे परवानाच नसतो. मग तुमचा वकील कोर्टात सांगतो की परवाना आहे, मोडलीय ती फक्त क्षेत्राची अट, तेव्हा कलम 30 लावा. हा युक्तिवाद चांगला आहे, मी स्वतः केलाय. पण तो ऐकला जातो तेव्हा सुट्टी संपलेली असते, मुलं आजोळी पाठवलेली असतात आणि रिव्हॉल्व्हर मुद्देमालाच्या कपाटात चिठ्ठी बांधून पडलेलं असतं. कलम 3 च्या, म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगण्याच्या, गुन्ह्यात खटला उभा राहायला कलम 39 प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. ती संरक्षणाची तरतूद खरी, पण तीही वेळखाऊ.

माझ्या मते शिक्षेपेक्षा मोठा धोका वेगळाच आहे. परवान्याची अट मोडली तर कलम 17 खाली परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला तो निलंबित किंवा रद्द करता येतो. तुमच्या भागात पोलीस आयुक्तालय नाही, म्हणजे तुमचे अधिकारी जिल्हाधिकारी. दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्यातून त्यांच्या गृह शाखेत एक पत्र आलं की पुढच्या नूतनीकरणाला तुमच्या फायलीत ते सगळ्यात वर असेल. वसुलीच्या रस्त्यावर ज्या हत्याराची खरोखर गरज आहे, ते तुम्ही चार दिवसांच्या मौजेपायी घालवून बसाल.

आता 'शर्टाखाली कुणाला दिसतंय' याबद्दल. मित्रांना वाटतं, लपवणं म्हणजे पळवाट. खरं तर 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी रिव्हॉल्व्हर-पिस्तुलासारखं हत्यार होल्स्टरमध्ये, म्हणजे त्याच्या म्यानात, अंगाला बांधलेलं, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असावं लागतं. झाकून नेणं हा आपल्याकडे नियमच आहे, त्यात चतुराई काही नाही. उलट लग्नाच्या वरातीत सदरा वर करून मूठ दाखवत फिरणारे नियम मोडत असतात. पण व्यवस्थित झाकल्याने हद्द वाढत नाही. झाकलेलं रिव्हॉल्व्हर बेकायदा ठिकाणी सापडलं की 'लपवून नेत होता' हे वाक्य पंचनाम्यात आपोआप येतं, एवढाच काय तो फरक.

मेहुण्यांना माझा नमस्कार सांगा आणि एक गोष्टही सांगा. 2013 मध्ये पेनसिल्व्हेनियाची एक बाई आपलं परवान्याचं पिस्तूल घेऊन शेजारच्या न्यू जर्सीत गाडीने गेली. पोलिसांनी वाहतुकीच्या कारणाने थांबवलं तेव्हा तिने स्वतःहून, प्रामाणिकपणे सांगितलं की माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हा परवाना. न्यू जर्सी दुसऱ्या राज्याचा परवाना मानत नाही. तिला अटक झाली, कित्येक वर्षांच्या सक्तीच्या शिक्षेची टांगती तलवार आली आणि शेवटी 2015 मध्ये तिथल्या गव्हर्नरांनी माफी दिली तेव्हा प्रकरण मिटलं. म्हणजे परमिट दाखवून विषय संपतो तो टेक्सासात. पुढच्या राज्यात काय, ते त्यांनाही आधी बघून घ्यावं लागतं.

समजा नाक्यावर कुणी थांबवलंच नाही. सहसा थांबवत नाहीतच, हेही कबूल करते. पण मग चार दिवस ते ठेवणार कुठे? समुद्रात शिरताना कमरेला बांधता येत नाही. गाडीच्या डॅशबोर्डात ठेवून बीचवर गेलात आणि काच फुटली तर शस्त्र गेलं, वर निष्काळजीपणा तुमच्या माथी. हॉटेलच्या खोलीतल्या छोट्या तिजोरीची दुसरी किल्ली कुणाकडे असते, हे विचारून बघा एकदा. बायकोच्या पर्समध्ये ठेवायचं म्हणाल, तर विनापरवाना व्यक्तीला दुसऱ्याचं शस्त्र नेता येतं ते परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, आणि तेही दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा त्याच्या वापरासाठी. तुम्ही समुद्रात आणि पर्स शॅकच्या खुर्चीवर, ही त्यात न बसणारी गोष्ट. शिवाय डिसेंबरातला गोवा, तिथली पार्किंगची भांडणं, रात्रीचे दोन पेग. पार्किंगवरून बाचाबाची झाली आणि तुमचा हात नुसता कमरेकडे गेला, तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 खाली धमकी दिल्याची तक्रार होऊ शकते. आणि 31 डिसेंबरला कुणी हौशी भाचा 'मामा, एक बार हवेत' म्हणाला, तर त्यालाही 2019 पासून वेगळं पोटकलम आहे : कलम 25(9), दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तुम्ही 29 ला परतताय म्हणून बरं.

तुमची खरी अडचण वेगळी आहे आणि ती पत्रात अर्ध्या ओळीत आलीय : घराला कुलूप असणार. ही चिंता रास्त आहे. बंद घरातून शस्त्र चोरीला जाण्याची प्रकरणं मी सावंतवाडीत बसून बघत आलेय, आणि चोरीची फिर्याद द्यायला गेलेल्या माणसालाच आधी विचारतात की ठेवलं कुठे होतं. परवाना घेताना सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र तुम्हीही दिलेलं असणार.

उपाय सोपा आहे. 23 किंवा 24 तारखेला रिव्हॉल्व्हर आणि सगळी काडतुसं सुरक्षित ठेवीसाठी परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे किंवा तुमच्या पोलीस ठाण्यात जमा करा. विक्रेता थोडं भाडं घेतो, पण ठाण्यातल्या सुट्टीच्या गर्दीपेक्षा मी तोच रस्ता पसंत करीन. पावतीवर शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या आकड्यात आणि अक्षरात लिहून घ्या. परत घेताना मूळ परवाना दाखवावा लागेल, तो गोव्यात हरवू नका. शेजारच्या पाटलांकडे, भावाकडे, दुकानातल्या विश्वासू मुनिमाकडे मात्र ठेवायचं नाही. त्यांचा विश्वास तुमच्यासाठी आहे, परवाना त्यांच्याकडे नाही. तुमच्याबरोबर तेही अडकतील.

क्षेत्र वाढवून मिळतं का, असंही काहींना वाटेल. त्यासाठी अर्ज आपल्याच परवाना अधिकाऱ्याकडे करायचा असतो, गोव्याला फोन करून काही होत नाही. व्यवसायानिमित्त तुम्हाला बेळगाव किंवा हुबळीच्या बाजारात रोकड घेऊन नेहमी जावं लागत असेल तर तो अर्ज जरूर करा, ते कारण पटण्यासारखं आहे. 'सहलीला जातोय' हे कारण लिहून मी तरी कुणाचा अर्ज तयार करणार नाही.

हत्यार सोबत हवंच असा हट्ट असेल, तर सहल बदला. राधानगरीवरून फोंडाघाट उतरून कणकवली, तिथून मालवण. सबंध रस्ता महाराष्ट्रात, तुमच्या शिक्क्याच्या आत. समुद्र तोच आहे आणि मासे, मी मालवणची नाही तरी सांगते, जास्त चांगले आहेत. पण तिथेही होल्स्टर, मूळ परवाना आणि वर लिहिलेली सगळी कटकट आहेच. पोलिसांनी परवाना मागितला तर कलम 19 प्रमाणे दाखवावाच लागतो, मोबाइलमधल्या फोटोवर वाद घालत बसू नका.

निघायच्या आदल्या दिवशी एक काम बायकोकडून करून घ्या, स्वतः करू नका, कारण आपल्या वस्तू आपल्याला दिसत नाहीत. गाडीचे कप्पे, सीटखालचा भाग, जाकिटाचे खिसे, वसुलीची चामडी बॅग, सगळं उलटं करून झटका. एखादं काडतूस राहिलेलं असतं. माझ्या एका अशिलाच्या दाढीच्या पिशवीत, ब्लेडच्या पाकिटामागे एक निघालं होतं, तेही विमानतळाच्या स्कॅनरमध्ये. कायद्यात 'शस्त्र किंवा दारूगोळा' असे शब्द आहेत, एक काडतूसही पुरतं. 1972 च्या गुणवंतलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ताबा जाणीवपूर्वक असला पाहिजे असं म्हटलं, आणि त्या तत्त्वावर पुढे अनेकांची सुटका झाली आहे. माझ्याही अशिलाची झाली. पण त्याचं विमान गेलं, भाचीच्या लग्नाला तो पोहोचला नाही, आणि घरात तो विषय अजून निघतो.

शेवटी तुमच्या दुसऱ्या फोटोतली एक गोष्ट. अंगठा बाजूला घेतल्यावर शिक्क्याच्या खालची ओळही दिसली. परवान्याची मुदत 31 डिसेंबरला संपतेय, म्हणजे तुम्ही गोव्याहून परतल्यावर दोन दिवसांनी. मुदत संपल्यावर तेच रिव्हॉल्व्हर घरात असणंही गुन्हा ठरतं. नूतनीकरणाचा अर्ज अजून केला नसेल तर सहलीचं सामान नंतर भरा, उद्या सकाळी आधी तेवढं करून या.