कालव्याच्या चारीच्या (छोट्या फाट्याच्या) शेवटी सात एकर जमीन आहे आणि रब्बीत दोन-तीन आवर्तनेच (पाणी सोडण्याच्या फेऱ्या) मिळतात. पाण्याचे आणि पिकांचे नियोजन कसे करावे?

आपल्या प्रश्नातून मला समजले ते असे: आपली ७ एकर मध्यम ते भारी काळी जमीन मुळा उजव्या कालव्याच्या एका चारीच्या शेवटच्या टोकाला आहे, रब्बीत दोन आणि नशिबाने तीन आवर्तने मिळतात, प्रत्येक पाळीत आपल्या वाट्याला साधारण १४ तास पाणी येते, विहीर फेब्रुवारीपर्यंत साथ देते, गहू, कांदा व थोडा ऊस घ्यावा असा आपला विचार आहे, आणि आवर्तनांची संख्या कोठून कळते हेही आपल्याला हवे आहे. मी याच कालव्यावर नेवासा तालुक्यात गेली वीस-बावीस वर्षे शेती करतो आणि काही काळ आमच्या पाणी वापर संस्थेच्या समितीतही होतो, त्यामुळे खाली लिहिले आहे ते बरेचसे स्वतःच्या रानात चुकून शिकलेले आहे.

आपल्याकडे सर्वसाधारणपणे दसऱ्याच्या सुमारास कोणत्या रानात काय पेरायचे ते ठरते आणि पाण्याचा विचार पीक उभे राहिल्यानंतर सुरू होतो. विहीर बागायतीत हे खपून जाते, कारण पंपाचे बटण आपल्या हातात असते. पाटपाण्यावर, म्हणजे कालव्याच्या पाण्यावर, मात्र पाण्याची तारीखही आपली नसते आणि तासही आपले नसतात. म्हणून तिथे आधी तास मोजावेत, मग तारखा पाहाव्यात आणि त्यानंतरच पिकाचे नाव घ्यावे.

तासांचा हिशेब वाटतो तितका अवघड नाही. चारीच्या विमोचकातून, म्हणजे पाणी सोडण्याच्या दारातून, साधारणपणे एक क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी सोडले जाते असे धरू. एक क्युसेक पाणी एक तास चालले, तर एका एकरावर जवळजवळ बरोबर एक इंच उंचीचे पाणी उभे राहील इतके ते भरते. हा योगायोग फार सोयीचा आहे, कारण त्यामुळे तास आणि एकर-इंच हे एकच माप होऊन जाते. गव्हाच्या एका भरण्याला (एकदा पाणी देण्याला) सपाट, नीट सारे (लांब वाफे) पाडलेल्या रानात तीन इंच पाणी लागते असे मानले, तर एका एकराला तीन तास झाले. आपले १४ तास म्हणजे १४ एकर-इंच. पण ते विमोचकाच्या तोंडाशी. तिथून आपल्या बांधापर्यंत मातीच्या दंडातून (लहान पाटातून) येताना पाणी मुरते, उंदरांच्या बिळांत जाते, शेजाऱ्याच्या बांधावरचे गवत हिरवे करते. ही गळ एक चतुर्थांश धरली तरी आपल्या पिकाला प्रत्यक्षात साडेदहा एकर-इंचच मिळतात, म्हणजे तीन इंचांनी साडेतीन एकर. आपल्याकडे जमीन ७ एकर आहे आणि पाणी साडेतीन एकराचे आहे, हे पेरणीच्या आधी कागदावर लिहून ठेवा.

गळ एक चतुर्थांशच असेल असे नाही. ती आपल्या दंडावर मोजावी लागेल. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. दंडाचा दहा मीटरचा सरळ, साफ तुकडा निवडा, दोन्ही टोकांना काठ्या रोवा, वरच्या काठीपाशी मक्याचे वाळलेले बुरकूट (दाणे काढलेले कणीस) पाण्यात सोडा आणि खालच्या काठीपाशी पोहोचायला त्याला किती सेकंद लागतात ते मोबाइलच्या घड्याळावर पाहा. आमच्या दंडाची रुंदी ६० सेंटिमीटर, पाण्याची खोली २० सेंटिमीटर आणि बुरकुटाला लागलेला वेळ ३० सेकंद होता. वरच्या थराचे पाणी तळापेक्षा वेगाने धावते, म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणायचे; हिशेब सेकंदाला सुमारे ३४ लिटर असा निघाला. हेच मोजमाप विमोचकाजवळ एकदा आणि आपल्या बांधाशी एकदा करा. दोन आकड्यांतला फरक हीच आपली गळ. आमच्याकडे ती पहिल्या वर्षी इतकी निघाली की, पुढच्या हंगामाआधी आम्ही चौघा शेजाऱ्यांनी मिळून दंडाचा सर्वांत भुसभुशीत भाग पाइपात घातला.

दुसरी गळ रानातच होते आणि ती बहुधा रात्री होते. आवर्तन रात्रंदिवस चालते, त्यामुळे आपली पाळी मध्यरात्री दोनलाही येऊ शकते. पहिल्या भरण्याच्या वेळी काळ्या रानाला भेगा असतात. पाणी साऱ्यात शिरले की पुढे सरकण्याआधी त्या भेगा पिते, पाण्याच्या तोंडाशी फेस आणि वाळलेली पाने गोळा होतात, भेगांतले किडे वर येतात आणि उजाडताना त्यांच्यावर बगळे उतरतात. दारे धरणारा माणूस थंडीत बांधावर टेकला की तेवढ्यात एक सारा तुंबतो आणि दुसरा कोरडा राहतो. यावर मला सापडलेला उपाय असा, की सारे लांबलचक ठेवू नयेत आणि पाणी साऱ्याच्या तीन चतुर्थांशापर्यंत पोहोचले की दारे मोडून पुढच्या साऱ्यात वळवावे. उरलेला भाग मागचे पाणी ओसरत जाऊन भिजवते. रात्रीच्या पाळीत कोणते सारे भरायचे ते दिवसाउजेडी ठरवून, त्यांच्या तोंडाशी काठी रोवून ठेवावी.

आता पिकांची वाटणी. मी आपल्या जागी असतो तर २ एकर गहू, सव्वादोन एकर हरभरा, विहिरीच्या भरवशावर अर्धा एकर कांदा, अर्धा एकर चारा आणि उरलेल्या पावणेदोन एकरात ओलीवरची ज्वारी अशी मांडणी केली असती. गव्हाच्या २ एकरांना तीन इंचांनी ६ एकर-इंच जातात. उरलेल्या साडेचारांत सव्वादोन एकर हरभऱ्याला दोन-दोन इंच बसतात. हरभऱ्याला याहून जास्त पाणी देऊ नये, कारण जड रानात तुंबले की तो उभळतो, म्हणजे पिवळा पडून वाळतो. सरी-वरंब्यावर घेतल्यास आणि एकाआड एक सरी भिजवल्यास दोन इंचांत भागते. सपाट वाफ्यात इतके हलके पाणी देणे कठीण जाते. पहिल्या आवर्तनात मात्र हा हिशेब बदलतो, कारण भेगाळलेले रान पेरणीपूर्वी भिजवायला गव्हाला चार इंच लागतात. तेव्हा हरभरा आणि ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवरच पेरलेली असावी.

तारखांच्या बाबतीत गव्हाचे वेळापत्रक सर्वांत उपयोगी पडते. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे एकच पाणी देता येत असेल तर ते पेरणीनंतर ४० ते ४२ दिवसांनी, म्हणजे कांड्या धरण्याच्या वेळी द्यावे. दोन देता येत असतील तर पहिले २० ते २२ दिवसांनी आणि दुसरे ६० ते ६५ दिवसांनी. तीन असतील तर या तिन्ही वेळांना. पाटपाण्यावर हे उलटे वाचायचे असते. समजा, पहिले आवर्तन नोव्हेंबरच्या मध्यावर आले आणि दुसरे १ जानेवारीच्या आसपास आपल्या चारीला पोहोचेल असा अंदाज आहे. तर पहिल्या पाण्यावर रान भिजवून, वापसा (पेरणीजोगी ओल) येताच २० नोव्हेंबरच्या सुमारास पेरले की दुसरे पाणी बरोबर ४२ व्या दिवशी मिळते. मधले २१ व्या दिवसाचे हलके पाणी विहिरीचे द्यावे. तिसरे आवर्तन आले तर फुलोऱ्याला किंवा दाणे भरताना कामी येते, पण त्याच्या आशेवर क्षेत्र वाढवू नये. मी एका वर्षी तिसरे आवर्तन मिळणारच असे मनाशी धरून ४ एकर गहू पेरला. ते आले नाही, विहीर दोन एकरांनाही पुरली नाही, आणि चारही एकरांत चिमलेला दाणा मिळाला. दोनच एकर पेरला असता तर पोती बहुधा तेवढीच झाली असती, बियाणे आणि खत मात्र निम्मे लागले असते.

आवर्तनांची संख्या कोठून कळते, असेही आपण विचारले आहे. १५ ऑक्टोबरचा धरणसाठा हा सगळ्याचा पाया असतो. त्यावर हंगामाचा सिंचन कार्यक्रम आखला जातो, कालवा सल्लागार समितीची बैठक होते आणि पाणी मागणीचे नमुना नंबर ७ चे अर्ज मागवणारे जाहीर प्रकटन निघते. तो अर्ज मुदतीत भरणे आणि मागील थकबाकी मिटवणे ही कंटाळवाणी कामे टाळू नका, कारण मंजुरी नसलेल्या क्षेत्राला शेजपाळीत (शेतांना पाळीने पाणी देण्याच्या क्रमात) जागा नसते. मुळेच्या लाभक्षेत्रात आणखी एक गोष्ट पाहावी लागते: १५ ऑक्टोबरला खालच्या बाजूच्या, पैठणजवळच्या जायकवाडी धरणाचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर समन्यायी वाटपाच्या सूत्रानुसार वरच्या धरणांतून पाणी खाली सोडण्याचा प्रश्न येतो आणि त्या धरणांत मुळाही आहे. म्हणून मी ऑक्टोबरात आपल्या धरणाबरोबर पैठणचाही आकडा पाहतो आणि दोन्ही पाहिल्याशिवाय गव्हाचे बियाणे घेत नाही.

चारीच्या शेवटी असण्याची खरी अडचण मात्र एकट्याने सुटत नाही. शेजपाळीचा नियम शेवटाकडून सुरुवात करून मुखाकडे येण्याचा आहे. प्रत्यक्षात मुखाकडचा शेतकरी रात्री दारे फोडतो आणि शेवटच्याचे १४ तास दहावर येतात. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ हा कायदा आपल्यासारख्यांसाठी मोलाचा आहे, तो यामुळे की त्यात पाणी वापर संस्थेला पाणी घनमापाने मोजून द्यायचे असते, कोणते पीक घ्यायचे ते सभासदाने ठरवायचे असते, आणि संस्थेच्या समितीत मुख, मध्य आणि पुच्छ (शेवट) अशा तिन्ही भागांचे प्रतिनिधी असतात. आपल्या चारीवर संस्था असेल तर पुच्छ भागाची जागा रिकामी सोडू नका. संस्था नुसती कागदावर असेल तर निदान चारीच्या तोंडाशी मोजपट्टी बसवून घ्या आणि पाळीपत्रक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावून घ्या. कोणाच्या नावापुढे किती तास आहेत हे सगळ्या गावाला दिसले की रात्रीची दारेफोड बरीच कमी होते, असा आमचा अनुभव आहे. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर तर सर्व पाणी वापर संस्थांनी एकत्र येऊन प्रकल्पाच्या पातळीवरचे व्यवस्थापनही हाती घेतले. शक्य झाल्यास चारीवरच्या दहा-बारा जणांनी एकदा तिथे जाऊन यावे.

विहिरीविषयी थोडक्यात. लाभक्षेत्रातली विहीर हे कालव्याचेच मागचे दार असते, कारण चारीतून आणि रानातून मुरलेले पाणी तिच्यातच येते. म्हणून आवर्तन चालू असताना विहिरीवरचा पंप बंद ठेवावा आणि दोन आवर्तनांच्या मधल्या काळात तो वापरावा. पंपाचेही माप घ्या. दोनशे लिटरचे पिंप २० सेकंदांत भरत असेल तर तो सेकंदाला १० लिटर देतो, म्हणजे अर्धा एकर कांद्याला दोन इंच पाणी द्यायला सुमारे तीन तास लागतात. रब्बी कांद्याला साधारण दहा दिवसांनी पाणी लागते आणि विहीर फेब्रुवारीत थकते, हे लक्षात घेता अर्ध्या एकरापुढे जाण्यात अर्थ नाही. लागणही डिसेंबरच्या पुढे नेऊ नये.

राहिला ऊस. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक पद्धत सुचवली, तेव्हाही लाभक्षेत्राच्या ठरावीक भागातच ऊस आणि बाकीच्या भागात हंगामी पिके हाच विचार होता, कारण बारमाही पीक उन्हाळ्यातही पाणी मागते. आपल्याकडे मार्च ते जूनचे पाणी कालव्याचेही खात्रीचे नाही आणि विहिरीचेही नाही, त्यामुळे ठिबक बसवले तरी या जमिनीत ऊस लावू नये असेच माझे मत आहे. शिवाय आपण लिहिले आहे की रानाच्या खालच्या कोपऱ्यात उन्हाळ्यात पांढरट थर दिसतो आणि तिथली उगवण विरळ असते. ते क्षारांचे लक्षण आहे. भारी रानात वर्षानुवर्षे मोकाट भरणे झाले आणि पाण्याला बाहेर जायला वाट नसली की अशी जमीन हळूहळू चोपण, म्हणजे क्षारांमुळे नापीक, होते. तिथे पुढच्या आवर्तनात पाणी सोडण्याआधी खालच्या बांधाला लागून, ओढ्याकडे उतार राहील असा उघडा चर काढा, आणि मातीचा नमुना तपासून घेतल्याशिवाय जिप्सम टाकू नका.