शेवटचा परिच्छेद नको

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

चर्चमध्ये द्यायच्या तुझ्या संदेशाचा खर्डा वाचला. मेंढपाळ पोर दावीद आणि धिप्पाड पलिष्टी योद्धा गल्याथ. ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे: एक प्रार्थनेचा, एक विश्वासाचा, पाचवा धीराचा. वर विचारतोस, "शेवटी ख्रिस्तावर एक परिच्छेद जोडू का?" नको जोडूस. (अरे, गल्याथ एकाच गोट्यात आडवा झाला. उरलेल्या चारांचं काय करणार आहेस?)

बायबलातला १ शमुवेल १७ पुन्हा वाच, फक्त या वेळी दाविदाच्या जागी स्वतःला उभं करू नकोस. तो पलिष्टी ४० दिवस सकाळ-संध्याकाळ येऊन ललकारतो आणि शौल राजासकट सगळ्या इस्राएलाची गाळण उडालेली. आपली मंडळी त्या सैन्यात आहे. तू आणि मीसुद्धा. त्यांच्या वतीनं दावीद एकटा खाली उतरतो, जिंकतो, आणि ज्यांनी साधा खडाही उचलला नाही त्यांच्या पदरात जय पडतो. इथून बेथलेहेमात जन्मलेल्या दाविदाच्या पुत्राकडे, येशूकडे, जायला जोडकाम कशाला हवं? त्यानं काय केलं ते सांग. आपण काय करावं ते मागून येईल. आधी त्यानं काय केलं.

ओढूनताणूनही आणू नकोस. लाकूड दिसलं की वधस्तंभ, लाल दोरी दिसली की रक्त, ही हातचलाखी मंडळीला कळते. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात सुवार्तिक फिलिप्पानं त्या हबशी खजिनदाराला येशू सांगितला तो यशयाचं जे वचन तो वाचत होता तिथूनच सुरुवात करून. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी कीर्तन उचललं, भजन उचललं, अभंगाचा छंद उचलला. आख्यान मात्र ख्रिस्ताचं. परीक्षा, नोकरी, सुखी संसार यांवर बोलायचंच असेल तर पूर्वरंगात, आख्यानाआधी, बोल.

लोक म्हणतील, तेच तेच. मलाही म्हणाले. मंडळीच्या पंचांनी बसवून घेऊन "तरुणांच्या उपयोगाचं सांगा" म्हणून सुनावलं. दोन घरं दुसऱ्या मंडळीत गेली. त्यातल्या एका मुलाचा बाप्तिस्मा माझ्या हातचा, आता रस्त्यात दिसला तर मान वळवतो. ती हळहळ जात नाही. पण संदेश बदलला नाही, आणि उद्या पुलपीटवर बोलावलं तरी बदलणार नाही. हट्टी म्हण हवं तर. जिच्या नवऱ्याला परवा माती दिली ती बाई तिसऱ्या बाकावर बसलेली असते. तिला गोटे वेचायला सांगू? तिच्यासाठी कोण लढला, कोण मरणातून उठला, एवढंच सांगायचं होतं मला. त्यानं काय केलं ते.

खर्डा फाडू नकोस. 'आपण' किती वेळा आलंय आणि 'तो' किती वेळा, तेवढं मोजून शुक्रवारपर्यंत नवा पाठव. आणि लांबवू नकोस. हल्ली मलाही डुलकी लागते.

तुझा म्हातारा पाळक