बोरा बोराची गर्दी आणि खर्च नको, जुनी संस्कृती दिसेल असं पॉलिनेशियातलं एखादं शांत बेट सुचवाल का?

हुआहिने. ताहितीच्या पापेएतेहून छोट्या विमानाने चाळीसेक मिनिटं. बोरा बोराला निघालेली बहुतेक मंडळी इथे उतरतच नाहीत, त्यातच बेटाचं भलं झालंय. वस्ती साधारण सहा हजार. पुलाने जोडलेले दोन तुकडे, मोठा नुई आणि धाकटा इती. मी चार दिवसांसाठी गेलो आणि आठवडा काढला. स्वस्त मात्र समजू नका, बोरा बोरापेक्षा कमी एवढंच.

जुनं बघायचं म्हणताय तर थेट माएवा गाठा. बेटावरची सरदार घराणी एकेकाळी या एकाच गावात शेजारी शेजारी राहायची, त्यामुळे त्यांची 'मराए' म्हणजे देवस्थानंही दाटीवाटीने. देऊळ डोळ्यांसमोर आणू नका. छप्पर नाही, गाभारा नाही, नुसता दगडी चौथरा आणि उभ्या शिळा. काही तळ्याकाठी, बाकीची मातायरेआ टेकडीवर झाडीत. टेकडी सकाळीच चढा, डास फोडून काढतात.

पण मी रमलो ते माएवाच्या पुलावर. खाली पाण्यात दगडी भिंती आहेत, नरसाळ्यासारख्या निमुळत्या होत गेलेल्या. पाण्याच्या ओढीबरोबर मासे आत शिरतात आणि टोकाला अडकतात. रचना जुन्या काळची, वापर आजही चालू. एक आजोबा गुडघाभर पाण्यात उभे राहून ढासळलेला दगड परत बसवत होते. दगड हलायचा, ते काढायचे, फिरवायचे, पुन्हा ठेवायचे. अर्धा तास तरी चाललं असेल.

१९७०च्या दशकात फारे गावाजवळ हॉटेल बांधताना चिखलातून जुन्या होड्यांच्या फळ्या आणि हाणामारीची सोटेवजा हत्यारं निघाली. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयाचे योसिहिको सिनोतो यांनी तिथे उत्खनन केलं. ती हत्यारं थेट न्यूझीलंडच्या माओरींच्या 'पातू'सारखी! मधे हजारो किलोमीटर समुद्र.

फाईए गावच्या ओढ्यात निळ्या डोळ्यांच्या वाम आहेत, मांडीएवढ्या जाड. गाव त्यांना पवित्र मानतं. पर्यटक त्यांना डब्यातला बांगडा भरवतात. मला ते जरा तमाशासारखं वाटलं, पण मुलं बरोबर असतील तर चुकवू नका.

जेवणाचं म्हणाल तर तिथला 'उरु' म्हणजे आपला नीरफणस. ते अख्खा निखाऱ्यावर भाजतात. मी ज्या बाईंकडे उतरलो होतो त्यांच्या स्वयंपाकघरात घुसून, बरोबर नेलेलं तिखट-मीठ लावून, कोकणातल्यासारखी कापं तळली. बाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात तीन नीरफणस आणि तेलाची बाटली ठेवलेली होती.