‘सलोखा’ म्हणजे मैत्रीच ना? हा शब्द वाक्यात कसा वापरतात?

नाही. आमचे दाजीही तेच धरून बसतात, आणि ते मराठीचे मास्तर आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमची आणि चुलत्यांची जमीन शेजारी. आजोबांच्या काळात तोंडी वाटणी झाली तेव्हा विहिरीकडचा तुकडा आम्ही कसायला घेतला, ओढ्याकडचा त्यांनी. सातबारा मात्र उलटाच राहिला. आम्ही कसतो त्या रानावर पीककर्ज काढायचं तर सही चुलत्यांची. पीकविमा, अनुदान, सगळीकडे तेच रडगाणं. त्यात बांधावरच्या बाभळीवरून एकदा शिवीगाळ झाली आणि दोन्ही घरांचं येणं-जाणं तुटलं. कोर्टाची भाषा सुरू झाली.

२०२३ साली सरकारची योजना आली, नावच ‘सलोखा’. एकाची शेतजमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान १२ वर्षं असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क १००० रुपये आणि नोंदणी फी १००० रुपये. एरवी शुल्क बाजारभावाने, म्हणून तर आमचं घोडं अडलेलं. तलाठी पंचनाम्याला आले तेव्हा चुलतभाऊ माझ्याकडे पाठ करून उभा. बोलला तेही तलाठ्यांशीच: “हिरीवरची पाळी हाय तशीच ऱ्हाईल, लिवा.” ते पंचनाम्यात बसत नव्हतं, पण मला ऐकवायचं होतं ते ऐकवून झालं. दुय्यम निबंधकाकडे दोघांनी अंगठे दिले, फोटो काढले आणि आपापल्या गाडीने घरी आलो. विहिरीवरची पाण्याची पाळी अजून चुकलेली नाही.

हा सलोखा. दाजी म्हणतात, एकमेकांच्या घरचा चहा पीत नाही, कसला डोंबलाचा सलोखा? अहो, चहापाण्याला घरोबा म्हणतात. ज्यांचं भांडण होऊ शकतं त्यांनी ते होऊ न देणं म्हणजे सलोखा. म्हणून जातीय सलोखा म्हणतात, जातीय मैत्री कुणी म्हणत नाही. बखरीतला ‘सलूख’ही लढणाऱ्यांमधलाच. लंगोटीयारांचा सलोखा ऐकलाय कधी?

वापर सोपा आहे. सलोखा राखतात, घडवून आणतात, तो बिघडतो आणि माणसं सलोख्याने राहतात. ‘सख्य’ मात्र हल्ली नकारातच भेटतं, ‘त्यांचं फारसं सख्य नाही’, नाहीतर थेट विळ्याभोपळ्याचं.

हां, वर्तमानपत्रात दोन देशांचे ‘सलोख्याचे संबंध’ येतात तिथे अर्थ मैत्रीकडे झुकतो, एवढं दाजींचं मान्य. आणि योजनेचं विचारणार असाल तर दोघांची संमती लागते, बिगरशेती प्लॉटला योजना चालत नाही. दाजींच्या भावाकडेही त्यांचं असंच एक रान अडकलंय. त्यांनी आधी भावाला फोन करावा, शब्दकोश मग उघडावा.