काळभाताचा नमुना मागतायत, द्यायचा का?

अकोले तालुक्यातून एका ताईंनी विचारलंय की ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती घरोघर फिरून जुन्या वाणांची माहिती लिहून घेतेय, सोबत काळभात या जुन्या भाताच्या बियाचा नमुनाही मागतेय, तो दिला तर उद्या आपलंच बी आपल्याला विकत घ्यावं लागेल का? आणि यंदा भातात भेसळ दिसतेय त्याचं काय करायचं?

ताई, शंका अगदी रास्त आहे. नागभीडकडच्या नांदेड गावात दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्यानं एचएमटी नावाचं धान निवडून काढलं, ते लांबलांबपर्यंत पेरलं गेलं, पण त्यांच्या पदरात फारसं काही पडलं नाही. म्हणून नमुना जरूर द्या, पण आधी नोंद मग बी.

समिती ही माहिती ज्या लोक जैवविविधता नोंदवहीत लिहितेय, तिच्यात वाणाचं नाव, किती पिढ्यांपासून घरात आहे, कुठल्या खाचरात चांगला येतो हे सगळं तुमच्या घरच्या नावानिशी लिहून घ्या आणि लिहिताना घरातल्या म्हाताऱ्या बाईला पुढे बसवा, कारण बी राखतात बाया आणि समितीपुढे बोलतात पुरुष, हे मला अजिबात पटत नाही. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, देवघेव करायचा, विकायचाही हक्क दिलाय, फक्त या कायद्याखाली नोंदवलेल्या संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही. काळभात शेतकरी वाण म्हणून रजिस्टर करायचा तर फी नाही आणि त्या अर्जावर याच समितीची शिफारस चालते, तेव्हा समितीशी भांडू नका, तिला कामाला लावा.

नमुना दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक बँकेत, म्हणजे बियाणं गोठवून जपणाऱ्या सरकारी साठ्यात गेला तर उणे १८ अंशात वर्षानुवर्षं टिकेल, पण बदलत्या पावसाची सवय त्याला तुमच्या खाचरातच लागणार, म्हणून दरवर्षी थोडा तरी पेराच.

आता भेसळ. बियाण्याच्या तुकड्याभोवती दुसऱ्या भातापासून ३ मीटर तरी अंतर सोडा, फुलोऱ्यात जे रोप उंच, बुटकं किंवा आगंमागं निसवलेलं दिसेल ते मुळासकट उपटा, कापणीआधी टरफलाचा रंग बघून परत एकदा फिरा. बांधाकडच्या लोंब्या घेऊ नका, मधल्या घ्या. नीट वाळवून राख मिसळून मडक्यात ठेवा. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघा, ८० च्या वर मोड आले तर बी चांगलं, कमी आले तर कोंभाळण्याला राहीबाई पोपेरेंच्या बियाणे बँकेत चौकशी करा.